कुंडीतल्या भरीताच्या वांग्याला उन्हाळ्यात रोज पाणी द्यायचं का?

गच्चीवरची वांगी (भुसावळ):
नमस्कार मंडळी, गच्चीवर सहा कुंड्या आहेत, चारात भरीताची वांगी आणि दोनात मिरची. रोपं बामणोदहून आणलीत, माती आमच्याच वावरातली, नुसती काळी, वरून दोन मुठी शेणखत. कुंड्या १२ इंची, काळ्या प्लास्टिकच्या. एप्रिल संपत आला, पारा ४४ ला गेलाय. मी सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या असं रोज देते आणि दुपारी झाडं अगदी माना टाकतात म्हणून चार दिवसांपासून दुपारीही द्यायला लागले. तरी खालची पानं पिवळी पडून गळताहेत, फुलं येतात नि देठासकट झडतात. सासूबाई म्हणतात पाणी कमी पडतंय, शेजारच्या काकू म्हणतात जास्त होतंय. किती दिवसांनी आणि किती द्यायचं ते नीट सांगा ना कोणीतरी, फार जीव अडकलाय या झाडांत.

रोपवाटिकेवाला (धुळे):
ताई, दिवस मोजू नका. माझं पंधरा वर्षं रोपांचंच काम आहे, पण "दर अमुक दिवसांनी पाणी" असं मी कोणाला सांगत नाही कारण तीच कुंडी सावलीत तीन दिवस ओली राहते आणि गच्चीवर एका दिवसात कोरडी होते. बोट घाला मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत. खाली गार नि ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही, कोरडं लागलं तर द्या, आणि द्यायचं तेव्हा तांब्याभर नाही, खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत द्या. तांब्या तांब्याने काय होतं, वरची दोन बोटं माती कायम चिखल आणि खालची मुळं एकतर कोरडी नाहीतर गुदमरलेली.

दुसरं म्हणजे दुपारची मान टाकणं. ४४ डिग्रीत पानातून पाणी उडतं तेवढं मुळं ओढू शकत नाहीत, माती ओली असली तरी पानं लोंबतात. ऊन उतरल्यावर उभी राहिली तर ती तहान नाही, त्याला पाणी देऊ नका. सकाळी सहाला बघा. सकाळीही लोंबलेलीच असतील तर मात्र गडबड आहे, एकतर माती खरंच कोरडी नाहीतर मुळं सडलीत, आणि दोन्हीत झाड सारखंच दिसतं म्हणून लोक सडलेल्या मुळांवर अजून पाणी ओततात. एक कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर काढून बघाच.

केळीवाला (रावेर):
दादांचं बरोबर आहे पण मला मुख्य दोष मातीचा वाटतो. आपली काळी माती वावरात सोनं आहे, कुंडीत नाही. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, वावरात भेगा पडतात ना तसंच कुंडीत कडेने फट पडते, मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली पळतं आणि तुम्हाला वाटतं झाड पोटभर प्यायलं. आतला गोळा कोरडा! म्हणून काळ्या मातीला एकदम ओतू नका, अर्धं द्या, दहा मिनिटं थांबा, ते मुरलं की उरलेलं. फट दिसली तर आधी खुरप्याने वरची माती हलवून ती बुजवा.

केळीला ठिबक आहे आमच्याकडे, तिथे हेच शिकलो की हळू दिलेलं पाणी मुळाला लागतं. ताशी ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंबथेंब पाणी सोडणारी तोटी, १५ मिनिटं चालला की १ लिटर होतं, घरी जुनी नळी असेल तर सहा कुंड्यांना लावून टाका. आणि माती उघडी ठेवू नका, वाळलेलं केळीचं पान नाहीतर उसाचं पाचट दोन बोटं जाड पसरा, खोडाला चिकटवू नका फक्त.

गच्चीवरची वांगी (भुसावळ):
रोपवाटिकेवाल्या दादा, आत्ताच एक वांग्याची कुंडी आडवी केली. वरचा भाग चिखल, नाल्यासारखा वास आला. खालची मुळं तपकिरी झालीत, चिमटीत धरली तर वरचं साल निघून हातात आलं आणि आत नुसता दोरा राहिला. कुंडीच्या भोकावर माती घट्ट बसली होती, पाणी बाहेर जायला जागाच नव्हती. एवढे दिवस मी बघितलंच नाही. मिरचीच्या कुंडीत मात्र ती कडेची फट आहे, आणि बोट घातलं तर आत भुकटी! म्हणजे एकाच गच्चीवर एक झाड बुडतंय आणि एक तहानलंय?

मिरचीचं वावर (नंदुरबार):
हो ताई, असंच होतं, म्हणून प्रत्येक कुंडीत वेगळं बोट घालायचं. आमनी माय काही मोजत नाही, कुंडी थोडी उचलून बघते. भरपूर पाणी दिल्यावर एकदा उचला, तो जडपणा हाताला लक्षात राहतो, मग हलकी लागली की द्या.

पण एक सांगतो, आता घाबरून पाणी एकदम तोडू नका. मे महिन्यात गच्चीवर मोठ्या झाडाला रोज सकाळी पाणी लागूही शकतं, मिरची एकदा पूर्ण वाळली की फुलं टाकते. काळी कुंडी उन्हात हात लावू देत नाही इतकी तापते, आत मुळं शिजतात. कुंड्यांना बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, ११ ते ४ हिरव्या नेटची सावली करा, पाणी बरंच कमी लागेल. सडलेल्या झाडाची मेलेली मुळं कापून नव्या मातीत लावा, काळी माती निम्मी, बाकी गांडूळखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि भाताचा तूस, नवापूरकडे तूस सहज मिळतो. नवी पांढरी मुळं फुटेपर्यंत युरिया वगैरे काही टाकू नका.

रोपवाटिकेवाला (धुळे):
मुळं कापाल तेवढा वरचा शेंडाही छाटा, उरलेल्या मुळांना सगळी पानं झेपणार नाहीत. आणि भुकटी झालेली मिरचीची कुंडी बादलीत अर्ध्यापर्यंत बुडवून अर्धा तास ठेवा, खालून ओढून घेईल. बोअरचं पाणी असेल तर मातीवर पांढरी खार बसते, ती खरवडून काढा.

गच्चीवरची वांगी (भुसावळ):
सगळ्यांचे खूप खूप आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. चारातलं एक वांगं गेलं, ज्याची मुळं बघितली तेच. बाकी तीन नव्या मातीत लावली, गोणपाट नि नेट दोन्ही केलं. आता वांग्यांना एक दिवस आड साधारण दीड लिटर लागतं, मिरचीला रोज सकाळी एक लिटर, आणि परवा लू सुटली तेव्हा वांग्यांनाही सलग दोन दिवस द्यावं लागलं. दुपारी पानं अजून लोंबतात, सहाला उभी असतात. काल एका वांग्याला सुपारीएवढं फळ दिसलं, सासूबाई तेव्हापासून दोनदा गच्चीवर जाऊन आल्यात.