बाकडं, कमान की बंधारा?

वाडीतला आपला माणूस गेला, त्याच्या स्मरणार्थ एसटी थांब्यावर बाकडं ठेवायचं की वाडीला कमान उभारायची, अशी चर्चा चाललीय. माझं मत, दरवर्षी पोरं जमवून तो व्हाळावर (ओढ्यावर) जो वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, घालायचा, तो यंदा चुकवू नका. भातकापणी आटोपली की लगेच. उशीर केलात तर धारच आटते. आधी तळातले गोटे, पालापाचोळा काढा, नाहीतर पाणी खालून निसटतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊणच भरायच्या. ठासून भरल्या की फटी राहतात. थर सांधे चुकवून रचा. पाण्याच्या अंगाला चिकणमाती लिंपायची. हे गारठ्यातलं काम तो कुणाला सांगायचा नाही, स्वतःच उतरायचा. आणि मिरगाआधी, म्हणजे पाऊस लागायच्या आत, गोण्या उचला, नाहीतर सगळं प्लास्टिक खाडीत.