मदत हवी आहे: जुन्या फायबर बोटीचा कुजलेला ट्रान्सम, पॉलिस्टर रेझिन की इपॉक्सी?

१४ फुटी फायबरची बोट आहे, नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरसाठी. पहिलंच काम. तळ ठणठणीत आहे, पण ट्रान्सम, म्हणजे इंजिन लागतं ती मागची फळी, ठोकल्यावर बद्द वाजायची. ६ मिमीचं भोक पाडलं तर तपकिरी पाणी आणि लाकडाचा ओला भुगा आला. आतली फायबरची कातडी कापून कुजकं प्लाय काढलंय. बाहेरची कातडी शाबूत आहे, आतून ४० नंबरच्या सँडपेपरने घासून ॲसिटोनने पुसली. बोट शेडमध्येच आहे, पावसाची ओल उतरेपर्यंत रेझिन लावणार नाही.

नवीन फळी १८ मिमीच्या दोन मरीन प्लायची, आयएस ७१० मार्कची. इंजिन १५ एचपी, आखूड शाफ्ट.

दुकानदार म्हणतो, आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर आणि ४५० जीएसएमचं (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅट, म्हणजे सुट्या काचतंतूंची चटई, पुरे. पण पॉलिस्टर प्लायला तितकंसं धरत नाही. इपॉक्सी धरतं, मात्र मॅटचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर त्यात विरघळत नाही, म्हणजे विणलेलं कापड आणावं लागणार. शिवाय इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट बसत नाही, त्यामुळे मधेच बदल करता येणार नाही. खर्च तर वाढतोच.

एवढ्या इंजिनाला पॉलिस्टर टिकेल का? आणि बाजूंच्या जोडावर मॅटचे किती थर, किती इंच आत न्यायचे? सातपूर-अंबडकडे बायॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेलं) कापड सुटं मिळतं का?