घरच्या ऑफिससाठी ऑल-इन-वन प्रिंटर: तुमचे अनुभव सांगा

मी डोंबिवलीत घरूनच जीएसटी आणि आयकराची कामं करते. महिन्याला तीनेकशे पानं, बहुतेक काळीच. शिवाय लोक फोटो काढून पाठवतात ती बिलं नीट दिसत नाहीत, म्हणून स्कॅनरही लागतो. माझा इंकजेट ऐन जुलैत, रिटर्नच्या गर्दीत बंद पडला. काळ्या अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा यायच्या, मग काळा रंगच यायचा थांबला.

दुरुस्तीवाल्या दादांनी झाकण उघडून दाखवलं ते सांगते. शाईचं हेड मशीनच्या मधोमध उभं होतं आणि त्याखाली शाईचा डांबरासारखा थर वाळलेला. मी काम संपलं की थेट भिंतीवरचं बटण बंद करायचे, लहानपणापासूनची सवय. पण प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड हमखास कडेला जाऊन रबरी टोपीवर नीट बसतं आणि शाई ओली राहते. चार वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता नवीन घ्यायचा आहे. माझा लॅपटॉप विंडोज ११ चा, मुलीकडे मॅक. तुम्ही स्वतः वापरताय त्याबद्दल लिहा. काय चाललं, कुठे अडलं, सगळं.

रत्नागिरी, वकिली

ताई, आधी तुमच्याकडे कागद कोणत्या मापाचा येतो ते बघा. मी हे न बघता मशीन घेतलं. आमच्याकडे करारनामे, प्रतिज्ञापत्रं लीगलवर, म्हणजे १४ इंच लांब. स्कॅनरची काच ए-फोरची, पावणेबारा इंचांची. कागद काचेवर ठेवला की खालचे सव्वादोन इंच बाहेर, आणि सह्या, नोटरीचा शिक्का नेमके तिथेच असतात! दोन वर्षं एकेक कागद दोनदा स्कॅन करून जोडत बसलो. लीगल स्कॅन करायचं तर झाकणावर कागद आपोआप ओढणारा एडीएफ हवा, आणि तो लीगल घेतो का हे वेगळं विचारायचं. काही एडीएफ ए-फोरवरच थांबतात.

दुसरं, स्टॅम्प पेपर. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा आला. तो आत अडकून चुरगळला की पाचशे रुपये तर गेलेच, वर पक्षकार समोर बसलेला. खालच्या ट्रेमधून कागद वळसा घेऊन येतो, म्हणून स्टॅम्प पेपर मी एकेरी कागदाच्या सरळ खाचेतूनच घालतो. आधी साध्या कागदावर छापून, दोन्ही उजेडात एकावर एक धरून मजकूर मुद्रेवर जात नाही ना हे बघतो.

शाई की टोनर (लेझर प्रिंटरमधली भुकटी), तर माझ्यासाठी टोनर. इंकजेटच्या साध्या शाईवर घामट अंगठा लागला तरी अक्षर पसरतं. टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसतो, पाण्याने जात नाही.

आणि आमच्या पावसात कागद दमट होतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. रीम फोडली की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, ट्रेमध्ये पंचवीसच पानं.

पेडणे, होमस्टे

आमच्याकडे उलटं. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, त्यासाठी पासपोर्ट स्कॅन करतो. पासपोर्ट एडीएफमधून जात नाही, काचच हवी. आधारसाठी 'आयडी कॉपी'चं बटण फार कामाचं, दोन्ही बाजू एकाच पानावर येतात.

पुणे, अक्षरजुळणी

मॅक आहे म्हणता, तर खोक्यावर 'एअरप्रिंट' हा शब्द शोधा. तो असेल तर मॅकला आणि आयफोनला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पण छपाई झाली म्हणजे स्कॅनही होईल असं धरू नका, दुकानातच करून बघा.

मराठी मजकुराचंही सांगते. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की 'श्री'च्या जागी भलतीच चिन्हं छापली जातात, आणि लोक प्रिंटरला दोष देतात. फॉन्ट आत घालून पीडीएफ करा. तरीही बिघडलं तर छापताना 'प्रिंट ॲज इमेज' निवडा, म्हणजे पान चित्रासारखं छापलं जातं. माझी एक लग्नपत्रिका त्यानेच वाचली.

लातूर, शिकवणी

प्रश्नपत्रिका छापतो, लेझर आहे. लेझर तापताना एकदम जास्त वीज ओढतो. मी तो संगणकाच्या यूपीएसवर लावला होता, पहिल्याच पानाला यूपीएस किंचाळला आणि संगणक बंद, अर्धी प्रश्नपत्रिका सेव्ह न केलेली. लेझर थेट भिंतीच्या प्लगवर लावा. लाइट जात असेल तर शाईच्या टाकीवाला बरा, तो कमी विजेवर चालतो.

ठाणे

वायफायचं एवढंच: घरगुती प्रिंटर बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो. राउटरवर त्या वायफायचं नाव वेगळं ठेवा, नाहीतर प्रिंटर जोडता जोडता रविवार जातो.

नागपूर, भाषांतर

मशीन किती स्वस्त हे बघू नका, बाटलीची किंवा टोनरची किंमत भागिले पानं, असं करा. एपसनच्या ००३ काळ्या बाटलीवर ४५०० पानं सांगतात, एचपीच्या ८८ए टोनरवर १५००. हे आकडे पानाचा साधारण पाच टक्के भाग शाईने भरला असं धरून असतात. तुमची ताळेबंदाची पानं दाट, त्यामुळे कमीच निघतील. टाकीवाल्याची पहिली शाई नळ्या भरण्यातही जाते. आणि शाई वाळू नये म्हणून, वापर नसेल तरी त्यावर आठवड्याला एक रंगीत पान काढाच.

डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुकानात लॅपटॉप, मुलीचा मॅक आणि लीगलचं एक सह्यांचं पान घेऊन गेले. टाकीवाला घ्यायचं मनात होतं, पण रंगीत पान मला महिन्यातून दोनदाच लागतं, ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे होईल. म्हणून काळा लेझर. पहिल्या दोन मशीनला एडीएफच नव्हता. तिसऱ्याने लीगलचं पान सरळ ओढलं, सह्या आणि शिक्का पूर्ण आले, मॅकवरही स्कॅन झालं. तोच घेतला.