मदत हवी आहे : दुपारचं ऊन मुंबईची हवा धुतं की बिघडवतं?

नमस्कार मंडळी,

आम्ही चेंबूरला राहतो. लेक बारावीला आहे. प्रकल्पासाठी ती डिसेंबरपासून जवळच्या हवा तपासणी केंद्राचे तासातासाचे आकडे वहीत उतरवतेय. सकाळच्या गर्दीच्या वेळी नायट्रोजन डायऑक्साइड वर आणि ओझोन अगदी खाली. दुपारी बरोब्बर उलट. एवढं आम्हाला कळलं. उन्हाने नायट्रोजन डायऑक्साइड फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन.

अडलंय ते पुढे. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना घातक. पण हवा स्वतःला धुते तीही त्याच्याच जोरावर! अतिनील किरण ओझोन फोडतात, त्यातला ऊर्जेने भारलेला ऑक्सिजनचा अणू पाण्याच्या वाफेला भिडतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, मिळेल त्या रेणूशी झटकन भिडणारी) बनतात. हवेच्या साधारण 25 लाख कोटी रेणूंमागे एखादाच, तोही सेकंदभर टिकणारा. तरी मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः तोच संपवतो. वाचताना मी थक्क झाले.

मग ऊन आणि दमटपणा दोन्ही भरपूर असलेल्या आपल्या मुंबईची हवा स्वच्छ का होत नाही? आणि रविवारी गाड्या कमी असूनही वहीत ओझोन चढलेला का दिसतो? लेक म्हणते, ते आकडे चुकलेत, खोडून टाकू. मला ते पटत नाही. कृपया नीट समजावून सांगा, वही पुढच्या आठवड्यात द्यायची आहे.

प्रतिसाद :
ताई, एकही आकडा खोडू देऊ नका, प्रकल्पाचा जीव तिथेच आहे. गाड्यांच्या धुरातून आधी निघतो तो नायट्रिक ऑक्साइड, आणि तो ओझोन खातो. रविवारी खाणाराच कमी, म्हणून ओझोन उरतो. शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड हायड्रॉक्सिलला पकडून नायट्रिक आम्ल बनवतो. तो घटला की हायड्रॉक्सिलही मोकळा राहतो. 2020 च्या टाळेबंदीत बऱ्याच शहरांत हेच झालं.

‘धुणं’ या शब्दाने मात्र फसगत होते. हायड्रॉक्सिल पेट्रोलच्या, रंगांच्या, सॉल्व्हंटच्या वाफा तोडतो, पण त्या तुटताना निघणारे पेरॉक्सी रॅडिकल नायट्रिक ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड करतात, ओझोन न खर्चता. म्हणजे ओझोन आणखी वाढतो. सल्फर डायऑक्साइडचं सल्फेट होतं, त्याचे सूक्ष्म कण धुरकट थर धरतात. मळ रूप बदलतो. हवेबाहेर जातो तो पावसाने किंवा जमिनीवर बसल्यावर.

वहीत ढगाळ दिवस वेगळ्या रंगाने दाखवा. ओझोनसाठी देशाचं मानक आठ तासांच्या सरासरीला 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, ती रेषही आखा.

धागाकर्ती :
मनापासून आभार. आकडे आता तसेच राहतील. रात्री ऊन नसताना हे सगळं थांबतं का?

प्रतिसाद :
थांबत नाही. रात्री नायट्रेट रॅडिकल कामाला लागतो. उजाडलं की उन्हाने तो लगेच फुटतो. रात्रभर नायट्रस आम्ल साठतं, ते सकाळच्या उन्हात फुटून दिवसाचा पहिला हायड्रॉक्सिल पुरवतं. लेकीला सकाळी सात ते दहाचे आकडे वेगळे काढायला सांगा.