जमैका १९५५: दहा रंग, दहा सुंदऱ्या. ही बरोबरी की उतरंड?

सांजवारा
१९५५ साली जमैका ही ब्रिटिश वसाहत होती. इंग्रजांनी १६५५ मध्ये हे बेट स्पेनकडून हिसकावलं, त्याला तीनशे वर्षं झाली म्हणून मोठा उत्सव झाला. त्या निमित्ताने 'स्टार' या संध्याकाळच्या वर्तमानपत्राने सौंदर्यस्पर्धा भरवली: 'टेन टाइप्स, वन पीपल', म्हणजे प्रकार दहा, जनता एक. प्रत्येक छटेची स्पर्धा वेगळी. काळ्या मुलींची मिस एबनी, कोकोसारख्या तपकिरी मुलींची मिस महोगनी, त्याहून उजळ असेल तर सॅटिनवुड, मग गोल्डन ॲपल. युरोपीय वंशाची असेल तर ॲपल ब्लॉसम. चिनी वंशाची लोटस, अर्धी चिनी असेल तर जास्मिन. भारतीय वंशाची सँडलवुड, अर्धी भारतीय ऑलस्पाइस. शेवटी विजेत्या दहा. त्यांच्यातली पहिली कोण, हे ठरवलंच नाही.

या स्पर्धेचं कौतुक होतं ते मला पटत नाही. गुलाम राबवणाऱ्या उसाच्या मळ्यांच्या काळापासून या समाजात माणसाची पायरी कातडीच्या छटेवर ठरत आली. १८३८ मध्ये गुलामी पूर्ण संपली, तरी बँकेच्या काउंटरवर कोण बसणार हे पुढची शंभरेक वर्षं रंग पाहूनच ठरायचं. अशा ठिकाणी जनता एक म्हणायचं, आणि भाग घ्यायचा तर आधी स्वतःची छटा सांगायची! मळेवाल्यांची जुनी मोजपट्टीच मुलींच्या हातात दिली, एवढंच झालं.

कोरा कागद
अजिबात सहमत नाही. १९५५ च्या आधी काय होतं ते बघा ना. 'मिस जमैका'चा मुकुट गोऱ्या नाहीतर गोऱ्यात खपतील अशाच मुलींना मिळायचा. कवयित्री आणि पत्रकार उना मार्सन यांनी १९३१ मध्येच यावर जाहीर टीका केली होती: सावळ्या-काळ्या मुली दरवर्षी आशेने भाग घेतात, पैसे खर्च करतात आणि हात हलवत परत येतात. त्यानंतर चोवीस वर्षांनी एक काळी मुलगी स्वतःच्या नावाचा किताब घेऊन उभी राहते, तिचा फोटो 'सुंदर' म्हणून वर्तमानपत्रात येतो. एकाच स्पर्धेत सगळ्यांना सोडलं असतं तर परीक्षकांनी पुन्हा गोरीच निवडली असती. सर्वांना मताचा हक्क १९४४ ला मिळाला होता, पण परीक्षकांची नजर काही कायद्याने बदलत नाही.

पाथेय
सांजवारा यांच्या बाजूने. नावांकडे बघा: लाकूड, फळ, फूल, मसाला. त्यातलं महोगनीचं लाकूड आणि ऑलस्पाइस हा मसाला तर जमैकातून जहाजं भरभरून बाहेर गेलेला माल. माणसांच्या पोरींना मालाची नावं द्यायची आणि त्याला सन्मान म्हणायचं?

कोरा कागद
पाथेय, सफरचंदाचा मोहोर गोऱ्या मुलीच्या वाट्याला आला की! नावं सगळ्यांना एकाच तऱ्हेची होती. सन्मान सारखा, तसा अपमानही सारखाच धरा मग.

नर्मदा
मला सँडलवुडबद्दल बोलायचंय, कारण तिकडे कुणी बघतच नाही. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार भारतीय करारावर जमैकात नेले गेले, उसाच्या आणि केळीच्या मळ्यांवर राबायला. गोऱ्या-काळ्याच्या वादात ही माणसं कायम कडेला राहिली. त्यांच्या नातींना 'तुम्हीही या बेटाच्या' असं सांगणारं व्यासपीठ मिळालं, हे मी नाकारणार नाही.

पण भारतीय आणि चिनी मुलींची विभागणी 'शुद्ध' आणि 'मिश्र' अशी केली होती. आजी मळ्यावर आली, नातीचे वडील काळे, मग ती सँडलवुड नव्हे, ऑलस्पाइस. एका घरातल्या दोन चुलतबहिणी दोन वेगळ्या स्पर्धांत. हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

चिकित्सक
रंगावर सगळे बोलताय, पैशावर कुणीच नाही. शेजारच्या त्रिनिदादमध्ये 'गार्डियन' वर्तमानपत्र कार्निव्हल या वार्षिक उत्सवाच्या राणीची, 'कार्निव्हल क्वीन'ची, स्पर्धा भरवायचं. मुलींच्या मागे व्यापारी कंपन्या, मुली बहुतेक गोऱ्या किंवा उजळ. १९५६ मध्ये कॅलिप्सो या तिथल्या गाण्याच्या प्रकारात राजा ठरलेल्या गायक माइटी स्पॅरोला बक्षीस मिळालं ४० डॉलर, राणीला हजारोंचं. त्याने १९५७ मध्ये स्पर्धेवर बहिष्कार घातला. ज्यांच्या गाण्यावर कार्निव्हल उभा, त्यांना चिल्लर! माझ्या मते खरा प्रश्न आहे स्पर्धा कुणाच्या हातात आहे हा. लंडनमध्ये 'वेस्ट इंडियन गॅझेट' या काळ्या लोकांच्या वर्तमानपत्राच्या संपादिका क्लॉडिया जोन्स यांनी ३० जानेवारी १९५९ ला सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला, तोही नॉटिंग हिलच्या दंगलींनंतर काही महिन्यांत. त्यातही सौंदर्यस्पर्धा होती. जोन्स कम्युनिस्ट, अमेरिकेने हद्दपार केलेल्या. त्यांना मुकुट त्याज्य वाटला नाही.

सांजवारा
जोन्सबाईंचं उदाहरण मान्य, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ज्या शहरात काळ्या लोकांवर हल्ले झाले, तिथे त्यांच्याच संपादिकेने त्यांच्याच मुलींना मंचावर आणलं. कुणाची छटा मोजली नाही.

आणि कोरा कागद, काळ्या मुलीला किताब मिळाला म्हणता ना? १९६२ ला देश स्वतंत्र झाला. १९६३ ला कॅरोल क्रॉफर्ड 'मिस वर्ल्ड' झाली, पुढच्या वर्षी सरकारने तिची टपाल तिकिटं काढली. ती उजळ गव्हाळ रंगाची. मिस एबनीला मान मिळाला तो तिच्या रकान्यापुरता. सगळ्यांच्या स्पर्धेत तिला जागा कुठे होती?

कोरा कागद
नव्हती, हे खरंच आहे. पण त्याचा दोष मी १९५५ च्या स्पर्धेला देणार नाही, नंतर 'मिस जमैका' भरवत राहिलेल्यांना देईन. त्यांच्यासमोर दहा मुली उभ्या राहून गेल्या होत्या. काळी मुलगी सुंदर असते हे माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय त्यांना आता उरली नव्हती. तरी त्यांनी उजळच निवडली.

नर्मदा
सोय तर उलट झाली असणार. 'तुमची स्पर्धा झाली की पंचावन्नला' असं कुणीही म्हणू शकत होतं.