दहावीचं गणित घरी: बालभारती की केंब्रिज?

कोथरूडकरीण: लेकीला १४ पूर्ण झाली, चार वर्षं घरीच शिकतेय. परीक्षा एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालय), हे ठरलंय. पण त्यांच्या गणिताच्या पुस्तकावर माझं मन बसत नाही. म्हणून बालभारतीचं वापरायचं म्हणतेय, मुख्यतः भाग २, म्हणजे भूमिती. समरूपता, वर्तुळ, आणि 'पक्ष, साध्य, सिद्धता' लिहायची शिस्त. पीडीएफ फुकट मिळते. आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावी, मला महागडा शौक वाटतो.

बाणेरचा बाबा: शौक म्हणा, पण पटलं नाही. बालभारतीत पोरं सिद्धता घोकतात, आकृती जरा फिरवून दिली की गळपटतात. आमच्या मुलाने केंब्रिज केलं. त्यात गणिताचे दोन स्तर असतात, सोपा कोअर आणि पुढचा एक्स्टेंडेड. घ्यायचंच तर एक्स्टेंडेड घ्या. कोअरला सीच्या वर ग्रेडच मिळत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. २०२५ पासून एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो, तेवढं बरं झालं.

कोथरूडकरीण: घोकंपट्टी शिकवणाऱ्याच्या माथी मारा, पुस्तकाच्या नाही. मी सिद्धता आधी दाखवतच नाही. कोनदुभाजकाच्या प्रमेयाला आमच्या दोन दुपारी गेल्या, रडारडही झाली. शेवटी बाजू वाढवून समांतर रेषा तिनेच काढली! सीच्या ग्रेडचं काय घेऊन बसलात?

पेठेतला मास्तर: (निवृत्त, त्यामुळे वेळ आहे.) बाई, भूमितीचं तुमचं सोळा आणे खरं. पण पुस्तक एका मंडळाचं आणि परीक्षा दुसऱ्याची, म्हणजे दोन डगरींवर पाय. बीजगणितातलं अर्थनियोजन, जीएसटी, शेअर्स हे सगळं कराल आणि एनआयओएसचे स्वतःचे धडे राहून जातील. बालभारतीवर एवढा जीव असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरा की, राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते!

कोथरूडकरीण: सर, सतरा नंबर म्हणजे राज्य मंडळाच्या वेळापत्रकाला बांधून घेणं. एनआयओएसमध्ये मागणीनुसार, म्हणजे आपली तयारी झाली की, परीक्षा देण्याची सोय आहे, पाच वर्षांत नऊ संधी आहेत. शेवटचे तीन महिने फक्त त्यांचं पुस्तक, असं ठरवलंय.

पेठेतला मास्तर: तीन नको, पाच ठेवा. लिहायचा सराव मोडलेला असतो.

बाणेरचा बाबा: आणि अकरावीला सायन्स घेतलं तर? केंब्रिजच्या ॲडिशनल मॅथ्समध्ये कॅल्क्युलस आत्ताच येतं.

कोथरूडकरीण: सध्या तिला सुतारकाम शिकायचंय.

पेठेतला मास्तर: मग भौमितिक रचना आधी घ्या. आणि कंपास चांगला आणा, ढिल्या स्क्रूचा नको.