चालकाचे दार: थंडीपलीकडचा विचार

चालकाच्या बाजूच्या दारातून थंडी आणि चोर दोघेही आत येतात, तेव्हा मोटरहोमला (आत राहण्याची सोय असलेल्या गाडीला) राहत्या भागाचे एकच दार पुरे, असे एक मत आहे; ते थंडीपुरते मान्य आहे. चालकाचे आसन राहत्या भागाकडे फिरवून रात्री वाचत बसले, की रबरी पट्टीच्या फटीतून येणारा गार झोत थेट गुडघ्यांना लागतो. परंतु युरोपीय बनावटीच्या अनेक गाड्यांत गॅसची शेगडी नेमकी मुख्य दाराला लागून असते, आणि तिथे भडका उडाला तर बाहेरची वाट त्या ज्वाळांजवळूनच जाते. (खिडकीतून उतरणे उतारवयात जमेलच असे नाही.) शिवाय जर्मनी किंवा फ्रान्समध्ये पदपथाकडे उघडणारे राहत्या भागाचे उजवे दार ब्रिटनमध्ये वाहत्या रहदारीत उघडते, त्यामुळे डाव्या सुकाणूच्या गाडीतून तिथे आम्ही मुलांना चालकाच्याच दाराने उतरवतो.